अत्तरवाल्याची उधारी

बी.कॉम. झाल्यावर पहिली दोन वर्षं मी पुण्यात एका अत्तराच्या दुकानात हिशेब लिहायचो. दुकान कसलं, बोळच तो. एका अंगाला काचेची कपाटं, दुसऱ्या अंगाला गादी आणि मधे एक गिऱ्हाईक उभं राहिलं की दुसऱ्याने पायरीवर थांबायचं. पहिल्या आठवड्यात वासाने डोकं उठायचं. दुसऱ्या आठवड्यात वास यायचाच बंद झाला आणि पुढे दोन वर्षं तो फक्त इतरांना येत राहिला. आई म्हणायची, "जिन्याखाली असतोस तेव्हाच कळतं, आलास म्हणून." बसमध्ये शेजारची माणसं वळून बघायची. माझा पगार कळला असता तर आणखी वळून बघितलं असतं.

मालक मला नावाने कधी हाक मारत नसत. "ए बी.कॉम." हेच माझं नाव. दोन वह्या माझ्या ताब्यात होत्या. रोजमेळ आणि खतावणी. खतावणीत एका जुन्या वाड्याचं पान होतं. खरं तर पानं होती, दरवर्षी एक. लग्नाला हिना, मुंजीला गुलाबपाणी, चैत्रातल्या हळदीकुंकवाला वाळा, गणपतीत केवडा. नावेच्या बाजूला नोंदींची रांग आणि जमेच्या बाजूला पाडव्याच्या आसपास एखादी रक्कम, नेहमी बाकीपेक्षा कमी. वर्ष संपलं की मी ‘मागील बाकी पुढे’ असं लिहून तो आकडा नव्या वहीत उतरवायचो. एकदा विचारलं, "मालक, मागून बघू का?" मालकांनी कुपीचं बूच फिरवत सांगितलं, "मोठ्या घरची उधारी मागायची नसते, बी.कॉम. भेटले की फाया द्यायचा. त्यांना आपोआप आठवतं."

आठवत असेल. पैसे मात्र येत नव्हते.

पुढे बँकेत लागलो, दुकान सुटलं, नाकाला पुन्हा वास यायला लागले. मग कधीतरी ज्याँ-लुई फार्जों या माणसाबद्दल वाचायला लागलो आणि मला पहिल्यांदा आठवलं ते खतावणीतलं ते पान. फार्जों हा मारी आंत्वानेतचा अत्तरवाला. फ्रान्सच्या ज्या राणीचं डोकं उडवलं, तिच्या अंगाला, केसांना, हातमोज्यांना आणि न्हाणीच्या पाण्याला वास पुरवणारा. जन्म १७४८, मृत्यू १८०६. एवढ्या अठ्ठावन्न वर्षांत त्याने दोन राजे, एक प्रजासत्ताक आणि एक सम्राट पाहिला आणि चौघांच्याही काळात माणसांना वास हवाच होता.

तो मूळचा मोंपेलिएचा. दक्षिण फ्रान्समधलं हे गाव वैद्यकीच्या जुन्या विद्यापीठासाठी प्रसिद्ध. वैद्य आले की औषधी वनस्पती आल्या, काढे आले, अर्क काढायच्या भट्ट्या आल्या. औषधाची भट्टी आणि अत्तराची भट्टी यांत फार फरक नसतो. फार्जोंचं घराणं पिढ्यान् पिढ्या याच धंद्यात होतं; त्यांच्यापैकी एकाने सतराव्या शतकातच आपल्या मालाची यादी छापून काढली होती. म्हणजे पोरगा गंधाच्याच घरात जन्मला. तरी मोंपेलिएत राहून राणी गिऱ्हाईक मिळत नाही. त्यासाठी पॅरिसला जावं लागतं.

पॅरिसमध्ये नुसता अत्तरवाला असा धंदा करता येत नसे. तिथे संघ होता, ‘हातमोजेवाले-अत्तरवाले’ असा जोडनावाचा. आपल्याकडे ऐकायला विचित्र वाटतं, पण कारण अगदी नाकासमोरचं आहे. कातडं कमावताना येणारी घाण ज्याने अनुभवली आहे त्याला विचारा. कोल्हापुरी चप्पल नवी असताना पावसात भिजली तर घरात काय होतं तेही चालेल. त्या घाणीवर उपाय म्हणून मोजे सुगंधात मुरवायचे. ग्रास हे गाव आज अत्तराची पंढरी म्हणून ओळखलं जातं, ते आधी चांभारकीचं गाव होतं. १६१४ मध्ये राजाने पॅरिसच्या हातमोजेवाल्यांना स्वतःला अत्तरवाले म्हणवायची परवानगी दिली आणि हळूहळू मोजा मागे पडून वास पुढे आला. उमेदवारी करायची, कारागीर म्हणून राबायचं, मग उस्ताद म्हणून नोंद व्हायची. फार्जोंची ती नोंद १७७४ मध्ये झाली. दुकान रू द्यू रूल या रस्त्यावर, सेन नदीवरच्या जुन्या पुलापासून जवळ.

१७७४ हे साल बघा. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पंधरावा लुई देवीने गेला. त्याचा देह असा नासला होता की दरबार अक्षरशः पळाला आणि राजाला घाईघाईत पुरलं. अठरा वर्षांची मारी आंत्वानेत राणी झाली ती या दुर्गंधीतून बाहेर पडून. (त्याच साली एप्रिलमध्ये पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि चाळीस दिवसांच्या बाळाला पेशवाई मिळाली. जगात त्या वर्षी गादीवर बरीच लहान माणसं बसली.)

फार्जोंच्या दुकानाचा पत्ता मी नकाशावर शोधला तेव्हा मला हसू आलं. तिथून चालत काही मिनिटांवर ‘निष्पापांचं कब्रस्तान’ होतं, पॅरिसचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात भरलेलं. शतकानुशतकं एकावर एक प्रेतं. १७८० मध्ये शेजारच्या एका घराच्या तळघराची भिंत फुटली आणि पलीकडची माती आणि तिच्यातलं जे काही ते आत आलं. मग ते बंद केलं आणि १७८६ पासून हाडं गाड्यांत भरून शहराखालच्या खाणींत नेऊन रचली. म्हणजे या अंगाला मृतांचा वास, त्या अंगाला बाजाराचा, समोर नदी, जिच्यात सगळ्या शहराचं सगळं जायचं, आणि मधे हा माणूस नारिंगीच्या फुलांचं पाणी विकतोय. अत्तराचं दुकान कुठे चालतं ते यावरून कळावं.

आता थोडं कारखान्यात जाऊ, कारण मला स्वतःला दुकानापेक्षा कारखाना आवडतो. जाई, मोगरा, निशिगंध ही फुलं नाजूक. उकळलीत तर वासाचा काढा होतो आणि तो प्यायच्याही लायकीचा नसतो. पण त्यांचा एक गुण आहे. खुडल्यावरही ती कितीतरी तास वास सोडत राहतात. मग ग्रासवाले काय करायचे, गुरांची आणि डुकराची चरबी धुऊन, गाळून, बिनवासाची करायचे, ती पातळ थापायचे आणि तिच्यावर ताजी फुलं पसरायचे. दुसऱ्या दिवशी ती वेचून टाकायची, नवी पसरायची. असं आठवडेच्या आठवडे. चरबी वास पिऊन घेते. मग ती मद्यार्कात घोळवली की वास मद्यार्कात उतरतो. आमचे मालक चमेलीचं तेल कसं होतं ते सांगायचे तेव्हा हीच गोष्ट तिळावर असायची. जौनपूर-गाझीपूरकडे तिळाचा थर, फुलांचा थर, पुन्हा तीळ, पुन्हा फुलं. मग ते तीळ घाण्याला. चरबीच्या जागी तीळ, बाकी तेच. दोन मुलखांतल्या माणसांनी एकमेकांना न विचारता फुलाची तीच खोड ओळखली.

गुलाबाला मात्र भट्टीच लागते. कनौजला तांब्याची देग, तिच्या तोंडाला मातीचं लिंपण, बांबूची नळी आणि पलीकडे पाण्यात बसवलेला भपका, ज्यात आधीच चंदनाचं तेल असतं. आपण ‘काय भपका आहे!’ म्हणतो तेव्हा मला ते भांडंच दिसतं. आपलं अत्तर तेलात बसतं, त्यामुळे ते अंगाला चिकटून राहतं, जवळ आलेल्यालाच कळतं. फ्रेंचांचं मद्यार्कात, म्हणून ते उडतं आणि माणूस यायच्या आधी खोलीत पोहोचतं. दरबाराला दुसराच प्रकार सोयीचा.

राणीचं न्हाणं हा त्या काळी चर्चेचा विषय होता, कारण ती खरोखर न्हायची. तिच्या आधीच्या पिढ्यांना पाण्याचं भय होतं. पाण्याने अंगाची रंध्रं उघडतात आणि रोग आत शिरतो, असं डॉक्टरच सांगायचे. ती ऑस्ट्रियाहून आलेली. तिची दासी मादाम काँपाँ हिने आठवणींत लिहून ठेवलं आहे की बुटाच्या आकाराचं न्हाणीचं टब चाकांवरून खोलीत ढकलत आणायचे, आणि राणी गळ्यापासून पायापर्यंत बटणं लावलेला फ्लॅनेलचा झगा घालून त्यात बसायची. बाहेर निघताना दासींनीही बघू नये म्हणून समोर चादर धरायला लावायची. आमच्या आजीची गोष्ट सांगावी तशी ही गोष्ट आहे. आजी लुगडं नेसूनच न्हायची. जिच्याबद्दल पॅरिसच्या गल्लीबोळांत घाणेरडी चोपडी विकली जात होती, ती बाई टबातही झगा काढत नव्हती. फार्जोंचं काम तिच्या न्हाणीच्या पाण्याला वास देण्याचं, तिच्या मोज्यांचं, पोमेडचं म्हणजे केसांच्या सुगंधी लेपाचं, आणि केसांच्या पावडरीचं. व्हर्सायच्या राजवाड्यात नाकं कस्तुरी-अंबराच्या जडपणाला कंटाळून फुलांकडे वळत होती आणि राणीचं नाक या नव्या पंगतीतलं. गुलाब, व्हायोलेट, जाई, निशिगंध. व्हायोलेटचा वास बऱ्याचदा व्हायोलेटमधून नव्हे तर आयरिसच्या कंदातून यायचा. कंद दोन-तीन वर्षं वाळवायचा, तेव्हा कुठे त्याला तो मऊ, पावडरी वास सुटतो. धीर हा या धंद्यातला सगळ्यात महाग कच्चा माल.

केसांच्या पावडरीपाशी थांबायलाच हवं.

डोक्याला आधी चरबीचं पोमेड चोपडायचं, मग तोंडावर कागदाचा शंकू धरायचा, आणि वरून पांढरी भुकटी उडवायची. लेओनार नावाचा केशभूषाकार राणीच्या डोक्यावर दीड-दीड हात उंच मनोरे रचायचा. त्या सगळ्यावर ही पावडर. आणि पावडर कशाची? गव्हाच्या चिकाची. कुरडया करताना तीन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक खाली बसवतात ना, तोच. वाळवून, वस्त्रगाळ करून, आयरिस नाहीतर लवंगेचा वास देऊन. १७७५ मध्ये पिठासाठी दंगली झाल्या. जुलै १७८९ मध्ये पॅरिसात चार पौंडी पाव साडेचौदा सूला गेला (सू म्हणजे तिथलं लहान नाणं). एरवी तो आठ-नऊ सूला मिळायचा, आणि मजूर दिवसाला वीस-तीस सू मिळवायचा. अशा वेळी समोरून येणाऱ्या माणसाच्या डोक्यावर गहू दिसणं म्हणजे काय ते सांगायला क्रांतीचा इतिहास लागत नाही. आमच्या आजीने अंगणात सांडलेला चीकसुद्धा बोटाने निपटून घेतलेला मी पाहिला आहे. फार्जोंने पावडर विकली आणि ते त्याचं पोट होतं. त्याच्याकडे बोट दाखवायला मी कोण? पण त्याच्या मालातला हा एक डबा असा होता की त्याचं झाकण उघडलं तर वास येण्याआधी भूक दिसावी.

आणि गंमत पुढे. राजाराणीचं राज्य बुडवणारा रॉबेस्पिएर शेवटपर्यंत केसांना पावडर लावत होता. नेटका कोट, पांढरेशुभ्र केस. भल्याभल्यांची डोकी उडवली, स्वतःच्या डोक्यावरचा गहू मात्र त्याला दिसला नाही. इंग्लंडात पंतप्रधान पिटने १७९५ मध्ये पावडरीवर वर्षाला एक गिनी कर लावला तेव्हा कुठे ती मागे पडायला लागली. क्रांतीला न जमलेलं एका कराने केलं.

आता उधारी. दरबारी माणसं रोख देत नसत. रोख देणं हे जवळजवळ असभ्य. शिंपी, टोप्यावाली, अत्तरवाला, सगळ्यांच्या वह्यांत मोठमोठी नावं आणि मोठमोठे आकडे. राणीची कपडेवाली रोझ बेर्तां १८१३ मध्ये मेली, तोवर राणीला जाऊन वीस वर्षं झाली होती, आणि तिचे वारस त्यानंतरही जुनी बिलं घेऊन दारोदार फिरत होते. फार्जोंही या उधारीपायी क्रांती यायच्या कितीतरी आधी एकदा दिवाळखोरीपर्यंत पोहोचला, आणि सावरला. ज्या दुकानात राणीचा माल बनतो त्याला सावकार थोडं थांबून घेतात. म्हणजे राणी पैसे देवो न देवो, तिचं नाव वहीत असणं हेच भांडवल. आमच्या मालकांचंही गणित हेच असणार. वाड्याचं नाव वहीत आहे, हे ते इतर गिऱ्हाइकांना ऐकू जाईल इतपत मोठ्याने सांगायचे.

मधे एक आडवळण. १७७७ मध्ये सेंट-ल्यूबिन नावाचा एक फ्रेंच गृहस्थ सोळाव्या लुईचा वकील म्हणवून पुण्यात नाना फडणीसांकडे आला. नानांनी त्याची उत्तम बडदास्त ठेवली, ती बहुधा मुंबईच्या इंग्रजांना दिसावी म्हणून. फौज देतो, तोफा देतो अशी आश्वासनं. शेवटी हाती काही लागलं नाही आणि वकीलसाहेब परत गेले. आपल्याकडे दरबार उठताना अत्तरगुलाब आणि पानविडे व्हायचे. पाहुण्याला ‘आता निघा’ म्हणायची ती सगळ्यात सुगंधी रीत. सेंट-ल्यूबिनच्या मनगटाला पुण्याचं अत्तर लागलं असेल, तेव्हा तिकडे फार्जों दुकानात काय मिसळत असेल, हा प्रश्न मला उगाच पडतो. पुढे १० ऑगस्ट १७८८ रोजी टिपू सुलतानाचे तीन वकील व्हर्सायमध्ये राजासमोर उभे राहिले. चंदनाच्या मुलखातून आलेली माणसं. त्यांना बघायला लोटलेल्या गर्दीत कोणाच्याही डोक्यात आलं नसेल की बरोब्बर चार वर्षांनी, १० ऑगस्ट १७९२ ला, जमाव पॅरिसमधल्या राजवाड्यात घुसेल आणि राजाराणी कायमची कैदेत जातील.

त्याआधी मार्च १७९१ मध्ये संघच मोडीत निघाले. आता कोणीही परवाना काढून कुठलाही धंदा करू शकत होता. फार्जोंने वर्षानुवर्षं उमेदवारी करून मिळवलेली ती ‘उस्ताद’ पदवी एका कायद्याने कागद झाली. त्याच वर्षी जूनमध्ये राजाराणी वेषांतर करून पळाले आणि व्हारेनला पकडले गेले. राणी तिच्या भारी अत्तरामुळे ओळखली गेली, अशी एक दंतकथा अत्तराच्या जाहिरातींत अजून फिरते. गोष्ट छान आहे, पण ओळखलं ते राजाला, एका टपाल-चौकीच्या माणसाने. नोटेवरच्या चित्रावरून ओळखलं असंही सांगतात. अत्तराने घात केला असेल तर वेगळ्या वाटेने. काँपाँ सांगते की पळायच्या आधी राणीने प्रवासाची पेटी तयार करायला दिली. कुप्या, डब्या, आरसे, कंगवे, सगळं खाचांत बसवलेलं जडशीळ धूड. काँपाँने परोपरीने सांगितलं, याने संशय येईल. राणी ऐकेना. आणि कपड्यांच्या कोठीतल्या एका बाईने ती पेटी बघून खबर दिलीच. मला ही बाई, म्हणजे राणी, या एका प्रसंगात फार समजते. घर जळत असताना आपणही कायकाय उचलतो.

शेवटी ती काँसिएर्जरीच्या तुरुंगात. दमट दगड, पडद्याआड पहारेकरी. ऑगस्ट १७९३ मध्ये एका सरदाराने भेटीच्या निमित्ताने येऊन तिच्यासमोर एक कार्नेशनचं फूल टाकलं. फुलात चिठ्ठी. तिच्याजवळ लेखणी नव्हती. तिने कागदाच्या चिटोऱ्यावर टाचणीने टोचून उत्तर लिहिलं. ते पकडलं गेलं आणि तो टोचलेला कागद आजही जपलेला आहे. व्हर्सायमध्ये सकाळी तिच्यापुढे कापडाच्या नमुन्यांची वही यायची, आणि आज कुठला झगा ते ती त्या नमुन्यात टाचणी खुपसून सांगायची. टाचणी तेवढी शेवटपर्यंत सोबत राहिली. १६ ऑक्टोबर १७९३ ला ती गेली.

तिच्या अत्तरवाल्याचं काय? सप्टेंबर १७९३ चा संशयितांचा कायदा असा होता की वागण्यावरून, बोलण्यावरून, लिहिण्यावरून किंवा नुसत्या संबंधांवरूनही माणूस आत जाऊ शकत होता. आणि अत्तरवाल्याचे संबंध शोधायला हेर कशाला हवेत? त्याने ते स्वतःच्या हाताने, तारीखवार, रकमेसकट लिहून ठेवलेले असतात. कालपर्यंत जी नावं सावकाराला दाखवायची, तीच आता लपवायची पाळी. खतावणीतलं ते पान मी दोन वर्षं पुढे ओढलं. त्या पानासाठी कोणाला पकडून नेतील असं स्वप्नातही आलं नसतं. फार्जोंला १७९४ मध्ये तुरुंग घडला. तो वाचला तो रॉबेस्पिएर आधी गेला म्हणून. जुलैच्या २८ तारखेला ते पावडर लावलेलं डोकं पडलं, आणि त्यानंतर तुरुंगांची दारं किलकिली झाली. थोडक्यात, तारखांच्या आट्यापाट्या. शास्त्रज्ञ लाव्हुआझिए मे महिन्यात गिलोटिनखाली गेला. तो ऑगस्टपर्यंत टिकता तर रसायनशास्त्राचं काय झालं असतं, हा विचार मी करत बसत नाही.

क्रांतीने वास बंद केला नव्हता, हे विसरू नये. नवं पंचांग काढलं तेव्हा संतांची नावं काढून रोजच्या दिवसाला झाडं, फुलं, भाज्या, अवजारं यांची नावं दिली. त्यात ६ फ्रुक्तिदोर, म्हणजे साधारण २३ ऑगस्ट, हा निशिगंधाचा दिवस. राणीच्या कुपीतलं फूल प्रजासत्ताकाच्या पंचांगात. ही नावं ठरवणाऱ्या फाब्र देग्लांतीनने स्वतःच्या आडनावालाच रानगुलाबाचं फूल जोडून घेतलं होतं. त्यालाही एप्रिल १७९४ मध्ये गिलोटिन. आणि रॉबेस्पिएर पडल्यावर रस्त्यावर जी श्रीमंत पोरं काठ्या घेऊन क्रांतिकारकांना बडवत फिरू लागली, त्यांना लोक ‘मस्कादँ’ म्हणायचे, कस्तुरी फासून हिंडणारे म्हणून. म्हणजे कस्तुरी हा पक्ष झाला. सुटून आलेल्या अत्तरवाल्यासाठी बाजार तयारच होता. त्यानंतर आला नेपोलियन, जो कोलोनचं पाणी अंगावर ओतून घ्यायचा, आणि त्याची जोसेफीन, जिला कस्तुरीचं वेड.

१८०१ मध्ये फार्जोंने ‘अत्तरवाल्याची कला’ अशा नावाचं पुस्तक छापलं. पुस्तकाचं पूर्ण नाव दुकानाच्या पाटीसारखं आहे. अत्तरं, पोमेड, गोळ्या, तेलं, अर्क, सुगंधी स्नानं, आणि सगळ्यात शेवटी सुगंधी हातमोजे. संघ मोडून दहा वर्षं झाली होती. मोजे विकायचं बंधन कुणावर राहिलं नव्हतं. तरी म्हातारा होत चाललेला हा माणूस नाव लिहिताना मोजे गाळत नाही. आयुष्यभर घरात लपवायच्या ज्या कृती, त्या त्याने छापून टाकल्या. का, ते मी आपल्या मनाने ठरवलं आहे. ज्याची वही एकदा गळ्याशी आली, त्याला गुपितांचा कंटाळा येत असावा. २००६ मध्ये व्हर्सायच्या राजवाड्यासाठी फ्रान्सिस कुर्कजियान या आजच्या नामांकित अत्तरकाराने त्या जुन्या कृतींवरून राणीचा वास पुन्हा बनवला. गुलाब, जाई, निशिगंध, नारिंगीचं फूल, आयरिस, खाली चंदन. किंमत ऐकून मी यादी वाचण्यावरच समाधान मानलं. यादी वाचली तर आमच्या दुकानातल्या कपाटाची दुसरी फळी.

दुकानातल्या माझ्या शेवटच्या महिन्यातली गोष्ट. वाडा तोवर विकला गेला होता, पाडकाम सुरू होतं. दुपारी दोनच्या सुमारास वाड्यातल्या आजी आल्या, एकट्या, पायी. मालक उठून उभे राहिले. मी त्यांना गिऱ्हाइकासाठी उठताना तेव्हाच पाहिलं. आजी म्हणाल्या, "वाळ्याची लहान कुपी द्या. सगळ्यात लहान." रुमालाची गाठ सोडून त्यांनी नाणी मोजून काचेवर ठेवली. मालकांनी ती मोजली नाहीत. फाया करून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो कानात न घालता मुठीत धरला आणि पायरी उतरल्या.

मी खतावणी काढली. नियम साधा होता, ज्याच्या नावावर बाकी आहे त्याचे पैसे आले की ते आधी त्या बाकीत जमा धरायचे. पान उघडून मी लेखणी टेकवली होती.

"खतावणी ठेव," मालक म्हणाले. "रोजमेळात लिही. रोख विक्री, वाळा, एक कुपी."

"नाव?"

"रोख विक्रीला नाव लिहितात का, बी.कॉम.?"